तीन हजार नऊशे बारा गुंड्या

ती. ताईस,

धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (तू "पुरे, ऊठ, खाली टाचण्या सांडल्यात" असं म्हणशील तोवर डोकं तिथेच आहे असं समजावं.) मी इथे खुशाल आहे. तुझा उजवा गुडघा कसा आहे, शिलाई मशीन अजून करकरतं का आणि मी निघताना घातलेलं तेल पुरलं का, हे कळव. पाकिटावर तुझ्या नावाआधी 'कु.' लिहिलं आहे. ते लिहिण्यापूर्वी मी बराच वेळ पेन हातात धरून बसलो होतो. चुकलं असेल तर पोस्टमनला काही बोलू नकोस, मला सांग, पुढच्या पाकिटावर दुरुस्ती करीन.

अकरा रविवार झाले. मी दर रविवारी सकाळी दहाला फोन करतो, तो बारा वेळा वाजतो आणि थांबतो. पहिल्या दोन रविवारी वाटलं, तू बाजारात गेली असशील. तिसऱ्या रविवारी वाटलं, फोन बिघडला. चौथ्या रविवारी मी शेजारच्या काकूंना फोन लावला, तर त्या म्हणाल्या, "अरे, आत्ता घरातच होती की. फोन वाजला तशी उठून गॅलरीत गेली." फोन ठीक आहे हे कळून जरा बरं वाटलं. (त्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं की तो दिवसभर घरात बसतो आणि तुझीच कात्री मागतो.) पण मग बिघडलंय ते काय, हे मला उमगेना. शेवटच्या फोनवर तू तुझ्या शिलाईच्या टेबलासमोरच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानातल्या घड्याळजींची हकिगत सांगत होतीस. चाळीस मिनिटं सांगितलीस, "मग ते म्हणाले" इथपर्यंत आलीस आणि फोन ठेवून दिलास. ते काय म्हणाले आणि तू काय म्हणालीस, हे मला आजतागायत माहीत नाही. फोन का ठेवलास तेही माहीत नव्हतं. ते मात्र मागच्या मंगळवारी कळलं, आमच्या ऑफिसात, एका आजीबाईंमुळे. ते सांगायचं तर जरा मागून सुरुवात करावी लागेल. गुडघ्याखाली उशी घे.

आमच्या विभागाचं पूर्ण नाव 'स्पॅनिश साहित्य आणि आदिवासी भाषा व संस्कृती अध्ययन विभाग' असं आहे. ते एका दारावर मावलं नाही, म्हणून शेवटचे दोन शब्द शेजारच्या दारावर लावले आहेत. शेजारचं दार झाडू-बादल्यांच्या खोलीचं आहे. त्यामुळे विभाग शोधत येणारा प्रत्येक नवा माणूस आधी झाडूंना भेटतो. आमच्या मोठ्या बाई चाळीस वर्षं स्पॅनिश कादंबऱ्यांचा अभ्यास करतात. त्यांचं म्हणणं असं, की लेखकाने पुस्तक भले स्पॅनिशमध्ये लिहिलं असेल, पण लहानपणी त्याच्या कानात आधी दुसरीच भाषा पडलेली असते. त्याला सांभाळणाऱ्या बाईची, जी त्याला भरवताना स्वतःच्या लोकांच्या गोष्टी सांगायची. लेखक मोठा होतो, बाईचं नाव विसरतो, पण गोष्ट सांगायला लागला की तिच्यासारखीच सांगतो. (हे मी टाइप करत होतो तेव्हा माझा हात थांबला होता. कशामुळे ते तुला सांगायला नको.) हे सिद्ध करण्यासाठी बाईंनी एका आजीबाईंच्या सत्तावीस गोष्टी तीन हिवाळे त्यांच्या घरी जाऊन टेप करून आणल्या. आजीबाईंची भाषा बोलणारी माणसं आता एका जिन्यावर बसतील एवढीच उरली आहेत. पुस्तक निघणार, डाव्या पानावर आजीबाईंची भाषा आणि उजव्या पानावर बाईंचं स्पॅनिश.

यात माझं काम काय, असं तू मागे विचारलं होतंस आणि मी "महत्त्वाचं" एवढंच सांगितलं होतं. मला यातली एकही भाषा येत नाही, आणि हीच माझी पात्रता आहे. ज्याला समजतं तो घाईने वाचतो आणि पुढचा शब्द आपल्या मनचा घालतो. मला काहीच समजत नाही, म्हणून मी प्रत्येक अक्षर पाहुण्यासारखं हाताला धरून आत आणतो, त्याच्या डोक्यावरची टिंबं आणि तिरप्या रेघासुद्धा मोजून घेतो. आमच्याकडे नऊ वर्षं पीएच.डी. करत असलेले एक गृहस्थ आहेत. कुणी काहीही बोललं की खालून हळूच पुस्ती जोडतात, म्हणून सगळे त्यांना तळटीप म्हणतात. त्यांच्या एका पानात चौदा चुका निघतात, माझ्या शंभर पानांत दोन निघाल्या. तेव्हापासून बाईंनी टेपांचं कामही मला दिलं.

ते काम असं. टेपवरचा आवाज कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्रासारखा दिसतो. आजीबाई बोलतात ती डोंगरांची रांग. मध्येच कुत्रं भुंकलं की झुडूप, दार वाजलं की विजेचा खांब. आणि प्रत्येक वाक्यानंतर एक लहानसं वारूळ. ते वारूळ म्हणजे दुसऱ्या कुणा बाईचं "हूं". मला लेखी सूचना होती (ती मी टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे): 'गोष्ट सांगणाऱ्या व्यक्तीखेरीज इतर सर्व आवाज काढून टाकावेत. एकूण वेळेत मात्र बदल होऊ नये.' मला सूचना मिळाली की मी ती पाळतो, हे तुला माहीत आहे. तू एकदा "दूध उतू जाईल, बघत राहा" म्हणाली होतीस आणि मी बघत राहिलो होतो. तर मी कुत्रं काढलं, दार काढलं आणि पाच महिने बसून एकेक वारूळ सपाट केलं. वेळ बदलायची नव्हती, म्हणून तिथे तेवढीच शांतता भरली. एकूण तीन हजार नऊशे बारा "हूं".

पण ते टाकवेनात. तू जुना सदरा पोतेऱ्यात देण्याआधी त्याच्या गुंड्या कापून डब्यात टाकतेस ना, तसं माझं झालं. सदरा गेला तरी गुंडी कशाला टाकायची, कधी लागेल सांगता येत नाही. म्हणून मी प्रत्येक "हूं" कापून एका फाइलीत ओळीने ठेवत गेलो आणि फाइलीला नाव दिलं 'गुंड्या'. कुणाला सांगितलं नाही. सूचनेत काढून टाका असं होतं, जपून ठेवा असं नव्हतं, त्यामुळे रोज संध्याकाळी घरी जाताना आपण चोरी करून चाललोय असं वाटायचं.

इथे तळटिपांनी घोटाळा केला. सफाई चालू असतानाच, पहिल्या महिन्यापासून, साफ झालेल्या टेपा त्यांना मिळू लागल्या. त्या ऐकून ते एक दिवस पांढरेफटक पडून बाहेर आले आणि म्हणाले, "ऐकलंत? प्रत्येक वाक्यानंतर ही बाई थांबते." पुढचे चार महिने त्यांनी त्या थांबण्यावर साठ पानांचं प्रकरण लिहिलं. नाव, 'मौनाचे सौंदर्यशास्त्र'. त्यात असं आहे की आजीबाईंच्या लोकांना शब्दापेक्षा शांतता पवित्र वाटते, की प्रत्येक विरामात पूर्वज उभे असतात, आणि की स्पॅनिश कादंबरीतल्या अर्धवट तुटणाऱ्या वाक्यांचं मूळ इथेच आहे. चर्चासत्रात ते वाचलं तेव्हा लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. एक पाहुण्या बाई रडल्या. मीही शेवटच्या रांगेत टाळ्या वाजवत होतो. मला सांगायचं होतं. पण तळटिपांनी शेवटी आभार मानताना माझंही नाव घेतलं, 'तांत्रिक साहाय्य' म्हणून, आणि आभार मानलेल्या माणसाने लगेच उठून तसं बोलणं बरं दिसत नाही. (हे कारण मला त्या दिवशी पुरलं होतं. आता लिहिताना पुरत नाही.)

पुस्तक छापायच्या आधी आजीबाईंनी सगळ्या गोष्टी ऐकून हो म्हणायचं, असं ठरलेलं होतं. त्यासाठी त्या मागच्या मंगळवारी आल्या, दोन दिवसांचा प्रवास करून. बरोबर त्यांची भाची होती, दवाखान्यात नर्स आहे, तिला त्यांचीही भाषा येते आणि आमचीही. (आधी झाडूंना भेटल्या. आजीबाईंनी एक झाडू उचलून त्याची बांधणी तपासली आणि नापसंतीने परत ठेवला.) आमच्या ऐकायच्या खोलीत भिंतींना सतरंजीसारखं जाड कापड लावलं आहे आणि चारच खुर्च्या आहेत, त्यामुळे तळटीप दाराला टेकून उभे राहिले आणि मी कॉम्प्युटरपाशी बसलो. पहिली गोष्ट लावली. एक मुलगी कळशी घेऊन नदीत उतरते, अशी ती सुरू होते. पहिलं वाक्य झालं, शांतता आली. आजीबाईंनी दाराकडे पाहिलं. दुसरं वाक्य झालं, त्यांनी भाचीकडे पाहिलं. चौथ्या वाक्यानंतर त्या उठून उभ्या राहिल्या आणि स्पीकरच्या मागे जाऊन वाकून बघून आल्या.

भाची म्हणाली, "मावशी विचारतेय, ही बाई कुणाशी बोलतेय?"

मोठ्या बाई म्हणाल्या, "त्यांचाच आवाज आहे तो."

आजीबाई बराच वेळ बोलल्या. भाचीने त्यातलं थोडंच सांगितलं. "ती म्हणते, मी भिंतीशी कधी बोलले नाही. ही कुणी वेडी बाई आहे."

मग भाचीनेच समजावलं. त्यांच्याकडे गोष्ट एकट्याने सांगता येत नाही. समोर कुणीतरी प्रत्येक वाक्याला "हूं" म्हणायचं. ते आलं की पुढचं वाक्य. नाही आलं तर सांगणारीने तिथेच थांबायचं, मग गोष्टीतला माणूस जिथे असेल तिथेच राहतो. म्हणजे आमच्या हिशेबाने सत्तावीस गोष्टी पूर्ण होत्या, त्यांच्या हिशेबाने सत्तावीसही पहिल्या वाक्यातच अडकल्या होत्या, आणि ती मुलगी कळशी घेऊन पाच महिने गुडघाभर पाण्यात उभी होती. तळटीप दाराशी पुटपुटले, "पण मग ते विराम?"

ताई, मी आयुष्यात कधी मोठ्या माणसांच्यात मध्ये बोललो नाही. पण मी उठलो आणि म्हणालो, "ते विराम माझे आहेत."

त्यानंतर खोलीत जी शांतता पसरली ती मात्र खरी होती, त्यात माझं काही नव्हतं. तळटिपांनी हळूच विचारलं, "साठही पानं?" मी म्हणालो, "हो." मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि स्वतःचीच लेखी सूचना वाचून पाहिली. भाची मात्र माझ्याकडेच बघत होती. ती म्हणाली, "मावशी इथे परवानगी द्यायला आलेली नाही हो. ते 'हूं' म्हणायची ती माझी आई. मावशीची धाकटी बहीण. गेल्या हिवाळ्यात गेली. घरात तिचा फोटो आहे, आवाज कुठेच नाही. तुमच्या टेपांवर असेल म्हणून आलो." आणि मग, आजीबाईंना ऐकू जाऊ नये इतक्या हळू (त्यांना आमची भाषा येत नाही, तरी), "काढून टाकलंत का सगळं?"

मी म्हणालो, "गुंड्या आहेत." कुणाला कळलं नाही. म्हणून मी सरळ फाइल लावली.

एकोणचाळीस मिनिटांची फाइल आहे. नुसतं हूं, हूं, हूं, एकामागोमाग. तळटीप पहिल्याच मिनिटाला बाहेर जाऊन आले. पण मी ते पाच महिने ऐकलेलं होतं, मला ते सारखं वाटत नाही. कुठे घास तोंडात असल्याचं हूं आहे, कुठे घाबरल्याचं, कुठे डुलकी लागता लागता सावरल्याचं, कुठे "हे मागच्या वेळी असं नव्हतं" असं खोडसाळ. आजीबाई डोळे मिटून बसल्या होत्या. मग त्यांनी तोंड उघडलं आणि ती नदीतली गोष्ट सांगायला सुरुवात केली. पण फाइल आपली पळत होती. आजीबाईंचं एक वाक्य होईतो पाच-सहा हूं निघून जात. त्यांनी डोळे उघडले आणि स्पीकरला खडसावलं. भाची हसत-रडत म्हणाली, "म्हणतेय, जिवंत होतीस तेव्हाही असलीच घाई. थांब जरा, मला बोलू दे."

मी फाइल थांबवली आणि एकेक हूं वेगळं करून बोट बटणावर ठेवून बसलो. आजीबाईंचं वाक्य संपलं की एक हूं सोडायचं. मला भाषा येत नाही, पण कुठे हूं येतं ते येतं, पाच महिने तेच तर केलं. घास खातानाचं कुठलं आणि घाबरल्याचं कुठलं, तेही पाठ होतं. सगळी दुपार आम्ही तिघांनी मिळून गोष्टी सांगितल्या, आजीबाई, त्यांची गेलेली बहीण आणि माझं उजव्या हाताचं पहिलं बोट. एका ठिकाणी मी भाचीकडे बघत राहिलो (ती आईचं प्रत्येक हूं ओठांनी म्हणत होती) आणि बटण दाबायचं राहून गेलं. आजीबाई तिथल्या तिथे थांबल्या. रागावल्या नाहीत, नुसत्या वाट बघत राहिल्या, हात हवेत तसाच. आणि त्या दोन-तीन सेकंदांत, ताई, मला आपल्या शिलाई मशीनखालची चिंध्यांची रास आठवली. मी तिच्यावर बसलेलो, तू वर पाय मारत गोष्ट सांगतेयस, आणि माझं हूं आलं नाही की मशीन थांबायचं. "झोपलास का रे ठोंब्या? बरं, राजपुत्र राहू दे तिथेच झाडावर." मी दचकून हूं म्हणायचो, की मशीन पुन्हा चालू.

मग तो रविवार आठवला. मी तेव्हा दिवसभर हूं काढून टाकत होतो. माझ्या कानांना ते कचरा वाटायला लागलं होतं, आणि माझ्या तोंडून यायचंही बंद झालं होतं, हे मला कळलंच नव्हतं. तू सांगत होतीस की घड्याळजी सदऱ्याला गुंडी लावून घ्यायला आले, आणि तू पाहिलंस तर दोरा तुटलेला नव्हता, कात्रीने कापलेला होता. तू सांगत होतीस की असं सलग चार गुरुवार झालं. तू थांबत होतीस, ताई. मी नीट आठवून पाहिलं, प्रत्येक वाक्यानंतर थांबत होतीस. आणि मी शांतपणे, एकही शब्द निसटू नये म्हणून श्वास रोखून ऐकत होतो. "मग ते म्हणाले" म्हणालीस आणि थांबलीस. मग "ऐकतोयस ना?" मी "हो" म्हणालो, पण उशिरा. तू म्हणालीस, "राहू दे. भिंती माझ्याकडेही आहेत." मी तुला नदीत उभं करून ठेवलं.

मंगळवारचं पुढचं थोडक्यात सांगतो. आजीबाईंनी परवानगी दिली, पण दोन अटींवर. पुस्तकावर बहिणीचं नाव आधी, त्यांचं नंतर, कारण सांगणारी कुणीही मिळते. आणि प्रत्येक हूं छापायचं. स्पॅनिशमध्ये तीन हजार नऊशे बारा हूं कसे करायचे यावर मोठ्या बाई बुधवारपासून डोकं धरून बसल्या आहेत, पण रागावलेल्या दिसत नाहीत. सूचनेचा कागद त्यांनी माझ्या काचेखालून काढून नेला. तळटीप दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते प्रकरणाचं नाव 'हुंकाराचे सौंदर्यशास्त्र' करून. साठ पानं तीच आहेत, फक्त 'मौन' असेल तिथे 'हुंकार' घालायचा आहे, आणि ते काम माझ्याकडे आलं आहे. टेपांत सगळ्या गुंड्या परत जागच्या जागी लावायच्या आहेत, त्याही माझ्याकडे. रोज दीडशे धरल्या तर सव्वीस दिवस आणि वर बारा हूं. तोवर सुट्टी नाही, त्यामुळे या महिन्यात येतो म्हणालो होतो ते जमत नाही. मला इथे काही कमी नाही. खोली उबदार आहे, खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो, त्यावर कुणीतरी नेहमी कुणाशी तरी बोलत बसलेलं असतं. माझी अजिबात काळजी करू नकोस.

तुझा,
ठोंब्या

ता. क. काळजी करू नकोस असं लिहिलं आहे, पण केलीस तर चालेल.

ता. क. दुसरा. पत्रात प्रत्येक परिच्छेदानंतर एक ओळ कोरी सोडली आहे. कागद वाया घालवला असं समजू नकोस, मोजून सोडली आहे. तिथे पेन्सिलीने हूं लिहीत जा आणि पत्र परत पाठव. जिथवर हूं असेल तिथवर तू ऐकलंस असं समजेन. जिथे नसेल तिथून पुन्हा सांगेन.

ता. क. तिसरा. घड्याळजी काय म्हणाले हे मी विचारत नाही. रविवारी दहाला फोन करीन, तू "मग ते म्हणाले" पासून सुरू कर, बाकीचं मी बघतो. मला एवढंच कळव, की तू बोलत असताना ते मध्ये हूं म्हणतात का. म्हणत असतील तर माझ्या होकारासाठी थांबू नकोस, पाकिटावरचा 'कु.' मी खोडतो. रविवारचं हूं तेवढं माझ्याकडे राहू दे.